जुन्या गाडीचं लोखंड: गंज काढायची घरगुती रीत

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. पडवीत ताडपत्रीखाली उभी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी.)

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की भिंती ओल धरतात, मिठाला पाणी सुटतं आणि पडवीत झाकलेल्या गाडीचं लोखंड हळूहळू तांबडं पडत जातं. ताडपत्री पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही. उलट जमिनीतून उठणारी ओल तिच्याखालीच कोंडते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाला वेग येतो, आणि घाटमाथ्यावर पावसाळाभर हवा त्याहून कितीतरी ओली असते. त्यात गाडीनं चोर्ला घाट उतरून गोव्याच्या फेऱ्या मारल्या असतील, तर किनाऱ्यावरचं मीठ तिच्या पोटाला चिकटून आलेलं असतं. मीठ आणि ओल एकत्र आली की पत्र्याचं काही खरं नाही.

पद्मिनी कारखान्यातून निघायची थांबून वीसेक वर्षं उलटून गेली. अँबॅसेडर आणि मारुती ८००, दोन्ही २०१४ मध्ये बंद झाल्या. आता दाराची बिजागरी, बंपरची पट्टी, एअर फिल्टरचा डबा, जॅकचा दांडा असल्या वस्तू दुकानात मागितल्या तर दुकानदार मान हलवतो. मिळालंच काही, तर पातळ पत्र्याची नक्कल मिळते. म्हणून जुनाच भाग वाचवायचा. तो घरच्या घरी वाचवता येतो, घाई केली नाही तर.

(दृश्य: बेळगावच्या शहापूरमधलं एक घर, मागची मोरी. भाच्याच्या हातात ग्राइंडर, ठिणग्या. मामा दारात उभे.)

"अरे, गंज काढूलालायस की लोखंड काढूलालायस?"

मामांचा हा प्रश्न म्हणजे या सगळ्या कामाचं मर्म आहे. ग्राइंडरला गंज आणि लोखंड यातला फरक कळत नाही, त्याच्या चाकाखाली दोन्ही जातं. जाड चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, ते एक वेळ चालेल. बिजागरीच्या भोकाला किंवा बोल्टच्या आट्यांना चालत नाही. तिथं गंजालाच धरेल आणि लोखंडाला फारसं शिवणार नाही, असं काहीतरी हवं.

आधी साफसफाई. ग्रीस आणि चिखल डिझेलनं सोडवायचा, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं. तेलकट थराखाली कुठलंच औषध पोचत नाही. सुटे पोपडे वायर ब्रशनं पाडायचे, डोळ्यांवर गॉगल लावूनच. ब्रशची तुटलेली तार डोळ्यात गेली तर गाडी राहील बाजूला.

आपल्या भागात सहज सुचावा असा एक उपाय आहे, तो उसाचा. संकेश्वर, चिकोडी, निपाणीपासून पार कागल-कोल्हापूरपर्यंत उसाचीच शेतं. साखर निघाल्यावर जी काळी, घट्ट मळी उरते, ती पशुखाद्यातही वापरतात. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी प्लास्टिकच्या पिंपात मिसळायचं, त्यात भाग पूर्ण बुडवायचे आणि विसरून जायचं. आठवडा, कधी दोन आठवडे. मळीतली द्रव्यं गंजातलं लोह धरून पाण्यात ओढतात, खालच्या चांगल्या लोखंडाला मात्र फारसा हात लावत नाहीत. पिंप आंबतं, वर फेस येतो, वास सुटतो, मुंग्या आणि माश्या जमतात. म्हणून ते घरापासून लांब ठेवायचं आणि झाकण सैल ठेवायचं, आतला वायू बाहेर पडू द्यायचा. ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग यात चुकूनही टाकायचा नाही, मळी त्याला खाते. वास सोसणाऱ्या माणसाला याच्याइतका स्वस्त आणि सौम्य उपाय दुसरा नाही.

(दृश्य: प्लास्टिकची बादली, जुना बॅटरी चार्जर, बांधकामातली सळई. कॅमेरा पाण्याच्या अगदी जवळ.)

दुसरी रीत विजेची. दहा लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे विरघळवायचे. मीठ नको, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटतो. बादलीच्या कडेला साधी लोखंडी सळई उभी करायची आणि तिला १२ व्होल्टच्या चार्जरची प्लस वायर लावायची, चिमटा पाण्याबाहेर ठेवून. गंजलेला भाग मधोमध टांगायचा, त्याला मायनस. दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. वायरी उलट लागल्या तर भागच झिजायला लागतो, म्हणून बटण दाबण्याआधी प्लस-मायनस पुन्हा बघायचं. हल्लीचे बरेच ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत. इथं जुना, साधा चार्जर कामाला येतो.

आता बिजागरीकडे बघा. वीज सुरू झाली आणि तिच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची रांग वर चढू लागली. तासाभरात पाण्यावर तांबूस-तपकिरी फेस धरतो. सळईवर चिखलासारखा थर बसतो, तो मधूनमधून खरवडावा लागतो. जी बाजू सळईसमोर आहे तिथलाच गंज आधी सुटतो, म्हणून भाग फिरवत राहायचा, नाहीतर चारी बाजूंना सळया लावायच्या. रात्रभरानं तांबड्या गंजाच्या जागी काळी भुकटी दिसते. साध्या ब्रशनं ती निघते आणि खाली बिजागरीवर ठोकलेला नंबर वाचता येतो.

ते बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, पेट घेणारे. हे काम उघड्यावर करायचं. जवळ विडी-सिगारेट नको, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. सळईच्या जागी कुणी स्टीलचा चमचा सुचवला तर ऐकू नका. स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमपासून अत्यंत विषारी द्रव्य पाण्यात उतरतं.

छोट्या नटबोल्टसाठी एवढा खटाटोप नको. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले तरी पुरतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचे, म्हणजे आम्ल मरतं. संडास धुवायचं ॲसिड मात्र वापरू नये, असं आम्ही ठामपणे सांगतो. ते गंजाबरोबर लोखंडही खातं आणि त्याच्या वाफेनं शेजारची धड हत्यारंसुद्धा गंजतात. स्प्रिंग, कमानीचे पाटे, जास्त ताकदीचे बोल्ट यांना आम्ल आणि वीज दोन्ही वर्ज्य. हायड्रोजन त्या कडक पोलादात शिरतो आणि वरून झकास दिसणारा बोल्ट भार पडल्यावर कडकन तुटतो.

(दृश्य: धुतलेली बिजागरी. तिच्यावर परत चढू लागलेली फिकट नारिंगी छटा.)

बरीच मेहनत इथं वाया जाते. ओलं, उघडं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबडं होतं. धुतल्या धुतल्या फडक्यानं टिपायचं, उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवायचं आणि लगेच तेलाचा हात फिरवायचा. रंग द्यायचा असेल तर तेल नको, थेट रेड ऑक्साइडचं अस्तर मारायचं. खड्ड्यांत गंज राहिलाच असेल तर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर लावतात, उरलेला गंज काळा, स्थिर होतो. हिरड्यातही टॅनिनच असतं. हिरडा आणि लोखंडाचं पाणी मिसळून पूर्वी काळी शाई करत. हे सगळं काम मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत काढावं, जुलैत हात घालू नये.

चेसिस, अख्खं दार, मोठी रिम बादलीत मावत नाही. त्यासाठी बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबागेकडे, शॉट ब्लास्टिंगची, म्हणजे बारीक छऱ्यांच्या माऱ्यानं गंज उडवण्याच्या कामाची, चौकशी करावी. फाउंड्रीच्या या शहरात ते काम नवं नाही. पातळ पत्रा असेल तर आधी सांगायचं, नाहीतर माऱ्यानं तो वाकतो.

(दृश्य: ओट्यावर मांडलेले साफ भाग. मामा एकेक उचलून बघतात.)

गंज गेल्यावर काय उरलं ते आता दिसतं. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघतात. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं, तर तो भाग बाद. बिजागरी पास झाली. एअर फिल्टरच्या डब्याला एक भोक आहे, ते वेल्डिंगनं भरता येईल. ब्रेकच्या पाइपवर मात्र बारीक खड्डे आहेत. भाचा म्हणतो, "मामा, हे पण सोड्यात घालूया की." मामा ती पाइप वेगळी काढून भंगाराच्या डब्यात टाकतात. ब्रेकची पाइप आणि स्टिअरिंगचे जोड खड्डे पडल्यावर स्वच्छ करून परत बसवायचे नसतात, ते नवेच घ्यायचे, त्यासाठी कोल्हापूर-पुण्यापर्यंत शोधत जावं लागलं तरी.