पाकळीवरची चकाकी

नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणत. त्या नावाला शोभणारा हा टपोरा गुलाब जलरंगात उतरवायचा. पाकळी जवळून पाहा. कडेला गडद, आत येता येता फिकी, बुडाशी पिवळसर. मध्ये कुठेही रेघ नाही.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), म्हणजे जाड, सुती. गोल ब्रश दोन, दोन्ही ८ नंबर. एक रंगाचा, दुसरा फक्त पाण्याचा.

आधी एकाच पाकळीपुरतं स्वच्छ पाणी. कागद आरशासारखा चकाकतोय, आत्ता रंग लावला तर तो वाट्टेल तिकडे पळेल. थांबायचं. कागद तिरका धरून पाहा: चकाकी मावळली, सारवण सुकत आल्यावर असते तशी मंद झाक उरली. हीच वेळ. पर्मनंट रोझ हा गुलाबी रंग कडेला नुसता टेकवला, आणि तो आपणहून आत सरकतोय. त्याला ढकलायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. तो थांबेल तिथे दुसरा ब्रश, फडक्यावर टिपून, एकदाच फिरवायचा. पुन्हा पुन्हा फिरवला की लावलेला रंगच उचलला जातो.

वैशाखातल्या कोरड्या हवेत ही वेळ चुटकीसरशी निघून जाते, श्रावणात कागद सुकता सुकत नाही. म्हणून नजर घड्याळावर नको, चकाकीवर हवी.

पाकळ्या एक सोडून एक घ्यायच्या. लगतची ओली असेल तर रंग तिच्यात उतरतो.

ही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड पाहा. अर्धवट सुकलेल्या रंगावर थबथबलेला ब्रश टेकला. जास्तीचं पाणी आत घुसलं, रंगाचे कण पुढे लोटत गेलं, आणि जिथे अडलं तिथे ते साचले. हा डाग पुसून सहसा जात नाही.

आता पान. गुलाबाची कोवळी पालवी तांबूस असते. पिवळा गॅम्बोज आणि निळा अल्ट्रामरीन मिसळून केलेला हिरवा देठाकडून, रोझ टोकाकडून. लाल आणि हिरवा घोटले की मातकट होतात, म्हणून ओल्या कागदावर त्यांची एकदाच गाठ घालून द्यायची. फळीखाली काडेपेटी सरकवली आहे, तेवढ्या उताराने रंग एकमेकांत उतरतोय. मधली शीर मात्र ओल असतानाच, टिपलेल्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्यायची.

सुकल्यावर सगळं थोडं फिकं दिसतं. दुसरा हात द्यायचा तर कागदाला आधी बोटांची मागची बाजू लावून पाहा. गार लागला, तर आत अजून ओल आहे.