चौदा विजय, शून्य गुण

मित्रहो, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगचा २०१० सालचा गुणतक्ता कधी समोर आला, तर सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. मेलबर्न स्टॉर्म. सामने २४, विजय १४, पराभव १०, गुण शून्य. छपाईची चूक नाही ती. आज मला या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे.

आधी खेळाबद्दल थोडंसं. रग्बी लीगमध्ये तेरा विरुद्ध तेरा खेळतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडलं की तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि मागचा गडी पुन्हा धडक मारतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांकडे जातो. कबड्डी बघत वाढलेल्यांना पकड म्हणजे काय ते सांगायला नको. फरक एवढाच, की इथे धरला गेलेला बाद होत नाही. त्याला उठून पुन्हा त्याच भिंतीवर आदळायचं असतं. विजयाला दोन गुण, आणि गुणांवर पहिले आठ संघ बाद फेरीत जातात.

स्टॉर्म हा लीगमधला तरुण क्लब. १९९८ साली तो अशा शहरात उतरला, जिथे 'फूटी' म्हटलं की लोकांना वेगळाच खेळ आठवतो, ऑस्ट्रेलियन रूल्स. तरी दुसऱ्याच वर्षी त्यांनी विजेतेपद घेतलं. पुढे क्रेग बेलामी प्रशिक्षक झाले आणि कॅमेरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक, ग्रेग इंग्लिस अशी पोरं एकाच संघात घडली. २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं हा संघ अंतिम सामन्यात होता. २००७ मध्ये मॅन्लीला ३४-८ असं हरवलं, २००९ मध्ये पॅरामाटाला २३-१६ असं.

आणि २२ एप्रिल २०१० रोजी लीगचे प्रमुख डेव्हिड गॅलप यांनी जाहीर केलं, की प्रत्येक क्लबच्या खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा या क्लबने वर्षानुवर्षं ओलांडली होती. लीगला दाखवायचे करार वेगळे आणि खरे पैसे वेगळे. नंतरच्या तपासणीत हा आकडा ३० लाख डॉलरच्या वर गेला. २००७ आणि २००९ ची दोन्ही विजेतेपदं काढून घेतली. मोठा दंड झाला. त्या हंगामात चार विजयांनी मिळवलेले आठ गुण पुसले गेले. आणि वर हेही, की वर्षअखेरपर्यंत कितीही जिंका, गुण मिळणार नाहीत.

विजेतेपदं गेली ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या क्लबांनी मर्यादेत राहण्यासाठी स्वतःचे आवडते खेळाडू सोडले, त्यांच्याशी ही प्रतारणा होती. पण शिक्षेच्या शेवटच्या कलमापाशी मी बराच काळ अडखळत होतो. आपल्याकडे आयपीएलमध्ये चेन्नई आणि राजस्थान यांना दोन वर्षं बाहेर ठेवलं, त्यांच्या जागी दोन नवे संघ आले, त्यातला एक आपल्या पुण्याचा. तिथे शिक्षा म्हणजे मैदानापासून दूर राहणं. मेलबर्नला मात्र मैदानावर उतरायचंच होतं. अठरा सामने बाकी होते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. स्टॉर्मला गुण नव्हते, पण स्टॉर्मला हरवणाऱ्याला दोन गुण मिळतच होते. म्हणजे हा संघ एखाद्या रविवारी ढिला खेळला असता, तर ते दोन गुण समोरच्याला फुकट गेले असते आणि आठव्या जागेसाठी झगडणारा कुणी तिसराच बुडाला असता. ज्यांना स्वतःसाठी काही मिळवायचं उरलं नव्हतं, त्यांच्या प्रामाणिकपणावर इतर पंधरा क्लबांचा तक्ता उभा होता. हे लक्षात आल्यावर मला त्या हंगामाचं वजन कळलं.

निकालानंतर तिसऱ्याच दिवशी, २५ एप्रिलला, ॲन्झॅक दिनी, म्हणजे तिथल्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, घरच्या मैदानावर न्यूझीलंडच्या वॉरियर्सशी सामना होता. वीस हजारांहून जास्त लोक आले. विचार करा, गुण नसलेल्या सामन्याला, ज्या शहराचा हा खेळही नाही त्या शहरात! स्टॉर्मने तो ४०-६ असा जिंकला.

पुढचे महिने इतके उजळ नव्हते. सरावाला जायचं, अंग ठेचून घ्यायचं आणि सोमवारी तक्त्यात तेच शून्य. पराभवही आले. तरी उरलेल्या अठरांपैकी दहा सामने त्यांनी जिंकले. सगळे विजय धरले असते, तर हा संघ सहज पहिल्या आठात होता. त्याच वर्षी राज्यांच्या 'ऑरिजिन' मालिकेत, जिथे खेळाडू क्लबकडून नाही तर आपल्या मूळ राज्याकडून खेळतात, क्वीन्सलंडने तिन्ही सामने जिंकले, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला स्लेटर, तक्त्यात तळाला असलेल्या क्लबचा माणूस.

खरी मोडतोड हंगाम संपल्यावर झाली. पगार मर्यादेत बसवायचे म्हणजे माणसं सोडायची. इंग्लिस साउथ सिडनीला गेला. रायन हॉफमन थेट इंग्लंडला, विगनला गेला. चाहत्यांना मी दोष देत नाही, पण त्यांच्या रागाचा रोख बहुतेकदा लीगवर होता. तो कागद रंगवणाऱ्यांवर असायला हवा होता, कारण घर फुटलं ते त्या कागदांमुळे.

२००७ आणि २००९ ची विजेतेपदं मॅन्ली किंवा पॅरामाटाला दिली गेली नाहीत. त्या दोन वर्षांसमोरची जागा अजून रिकामी आहे. हॉफमन मात्र एका वर्षाने परत आला. २०१२ च्या अंतिम सामन्यात स्टॉर्मने कँटरबरी बुलडॉग्जना १४-४ असं हरवलं, स्मिथ कर्णधार होता, आणि त्या दिवशी गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणाऱ्यांमध्ये हॉफमनही होता.