ज्या दिवसाचं त्या दिवसाला

(पडद्यावर: वाळवंटातली पहाट. जमिनीवर पांढरा, बारीक थर.)

निवेदन:

इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात उपाशी आहेत. पहाटे तंबूबाहेर येतात तर जमिनीवर दहिवरासारखं काहीतरी पसरलेलं. त्यांचा पुढारी मोशे सांगतो, ही देवाने दिलेली भाकर. माणशी ठरलेलं माप गोळा करा, खा, पण सकाळपर्यंत काही ठेवू नका. काही जण ऐकत नाहीत. उद्या मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून थोडं बाजूला काढून ठेवतात. सकाळी त्यात किडे पडलेले असतात, घाण सुटलेली असते.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली ही गोष्ट. पुढे येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात हेच मागणं आलं: “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” कोठार भरून दे असं तिच्यात कुठेच नाही.

ख्रिस्ती श्रद्धेवर एक जुना आक्षेप आहे. हा धर्म माणसाला मेल्यानंतरच्या स्वर्गाचा वायदा करतो आणि हातातलं आयुष्य कसंबसं रेटायला लावतो, असा. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ‘इथे सोसा, तिथे मिळेल’ असं दुबळ्यांना सांगणारे उपदेशक होऊन गेलेत, आणि गुलामांच्या मालकांना ते फार सोयीचे पडले. पण शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कहाणी, उघडून वाचू लागलं की येशू वेगळंच बोलताना दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो, “मी तर त्यांना जीवनप्राप्ती व्हावी व ती विपुलपणे व्हावी म्हणून आलो आहे.” हे विपुल जीवन कधी सुरू होतं, हाच आपला प्रश्न आहे.

(पडद्यावर: दगडी गावाबाहेरची पायवाट.)

बेथानी गावात येशूचा मित्र लाजर मरून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला वाटेतच गाठते. तुझा भाऊ पुन्हा उठेल, असं येशू म्हणतो. जगाच्या शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे, असं ती उत्तर देते. तिचा विश्वास पक्का आहे, पण सगळा पुढे ढकललेला. तेव्हा येशू म्हणतो, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” ज्या दिवसाची ती वाट पाहत होती तो तिच्यासमोर, त्याच धुळीच्या वाटेवर उभा आहे.

आणि मग थोड्या वेळाने हाच येशू रडतो. मला या प्रसंगातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या हाकेने लाजर आता थडग्यातून जिवंत बाहेर येणार हे ज्याला ठाऊक आहे, तोही समोरचं दुःख ओलांडून पुढे जात नाही. रडणाऱ्यांबरोबर तो रडतो आणि मगच थडग्याकडे वळतो.

दुसऱ्या शतकात शरीर आणि सृष्टी तुच्छ मानणाऱ्या पंथांशी वाद घालताना लिओनचा बिशप इरेनियस याने लिहून ठेवलं की जिवंत मनुष्य हेच देवाचं वैभव आहे, आणि देवाचं दर्शन हे मनुष्याचं जीवन आहे. ज्या शहरात इ.स. १७७ मध्ये ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला, नव्वदी ओलांडलेला आधीचा बिशप जिथे तुरुंगात मेला, त्या शहराचा हा माणूस. जगणं हलकं मानायला त्याच्यापाशी कारणं होती. त्याने मानलं नाही.

(पडद्यावर: जुन्या पॅरिसची चित्रं. मठाचं स्वयंपाकघर, मोठी चूल, भांडी.)

सतराव्या शतकात फ्रान्सजवळच्या लोरेन प्रांतात निकोला एर्मां नावाचा एक साधा शिपाई होता. युरोपात ‘तीस वर्षांचं युद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाईत जखमी झाला आणि पायाने अधू झाला. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहताना, याला पुन्हा पानं येतील, फुलं येतील, फळं धरतील, या विचाराने तो आतून हलला होता. १६४० मध्ये तो पॅरिसमध्ये कार्मेली या संन्यासी संघाच्या मठात सेवक बंधू म्हणून दाखल झाला. तिथे त्याला ब्रदर लॉरेन्स हे नाव मिळालं, आणि काम मिळालं स्वयंपाकघरातलं.

स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. तरी सुमारे पंधरा वर्षं तो तेच करत राहिला. त्याच्याशी झालेली संभाषणं एका धर्मगुरूने टिपून ठेवली म्हणून आज आपल्याला ती वाचता येतात. लॉरेन्स सांगतो, मी तव्यावरचं ऑम्लेट उलटतो ते देवाच्या प्रेमाखातर. ते झालं आणि हाताशी दुसरं काम नसलं की जमिनीवर लोटांगण घालतो, आणि उठतो तेव्हा राजाहून सुखी असतो. भांड्यांचा खणखणाट चाललेला, चार माणसं चार वेगवेगळ्या गोष्टी मागताहेत, अशा वेळीही गुडघे टेकून प्रार्थनेला बसल्यावर देव जितका जवळ असतो तितकाच तो इथेही असतो, असं तो म्हणे.

ऐकायला हे गोड वाटतं. पण ही शांती मिळण्याआधीची सुमारे दहा वर्षं त्याने फार तळमळीत काढली होती. आपला नाश ठरलेलाच आहे, अशी भीती त्याला खात होती. तिच्यातून बाहेर पडल्यावर त्याने जो मार्ग धरला तो अगदी साधा होता. मन भटकलं की त्याबद्दल स्वतःला कोसत बसायचं नाही, पुन्हा देवाकडे वळायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. पुढे त्याला चपला दुरुस्तीच्या कामावर लावलं. तिथेही तेच.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची दिसते. लॉरेन्सने स्वयंपाकघरातून सुटका मागितली नाही आणि ते काम आवडत असल्याचं सोंगही आणलं नाही. आपण बहुतेक जण खरं आयुष्य दुसरीकडे कुठेतरी आहे अशा समजुतीत असतो. हे शिक्षण संपू दे, हे कर्ज फिटू दे, मुलं मोठी होऊ देत, मग जगायला सुरुवात. श्रद्धाळू माणूस त्या यादीत शेवटी स्वर्ग जोडतो, एवढाच फरक. लॉरेन्स मात्र तव्यासमोर उभा असताना तव्यासमोरच असे.

ज्यांना दिवसभर असं भान टिकवणं जमत नाही, त्यांच्यासाठी इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने लॉरेन्सच्याही शंभर वर्षं आधी एक रीत घालून दिली होती. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सरदार. दिवसाच्या शेवटी थोडा वेळ बसायचं. आधी मिळालेल्या गोष्टींसाठी आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि पुढच्याचा निश्चय करायचा. चुका मोजण्याआधी आभार, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. उलट क्रमाने बसलं तर माणूस पहिल्याच पायरीवर खचून उठेल.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. “ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे” असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो, तेव्हा तो उद्याची तयारी करू नका असं सांगत नाही. याच बायबलमध्ये योसेफ सुकाळाची सात वर्षं धान्य साठवतो आणि त्यावर दुष्काळात सगळा इजिप्त जगतो. साठा करणं वेगळं आणि भीतीने मुठी आवळणं वेगळं. दुसरं, विपुल जीवन म्हणजे पैसा, आरोग्य आणि यश, असं व्यासपीठावरून सांगणारे आज पुष्कळ आहेत. त्यांचं बोलणं शुभवर्तमानाला धरून नाही. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला शिकलो असं लिहिणारा येशूचा प्रेषित पौल त्या वेळी बेड्यांत होता.

(पडद्यावर: तुरुंगाची भिंत, उंचावरची लहान खिडकी.)

बर्लिनचा टेगेल तुरुंग. ५ एप्रिल १९४३ रोजी डीट्रिख बॉनहॉफर नावाच्या पाळकाला इथे आणलं गेलं. वय ३७. जानेवारीतच मारिया फॉन वेडेमायरशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. १९३९ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले होते, तिथे सुरक्षित राहता आलं असतं. काही आठवड्यांतच ते जर्मनीला परतले, कारण आपल्या लोकांबरोबर हा काळ सोसला नाही तर युद्धानंतर त्यांच्यात उभं राहण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, असं त्यांना वाटलं. पुढे हिटलरविरोधी कटाशी ते जोडले गेले.

तुरुंगावर बॉम्बहल्ले होत. जानेवारी १९४४ च्या एका पत्रात त्यांनी अशाच एका रात्रीची हकीकत लिहिली आहे. सगळे जमिनीवर पडून आहेत. एरवी थट्टामस्करीत रमणारा एक जण ‘देवा, देवा’ म्हणू लागतो. बॉनहॉफर पाळक आहेत, त्याला उपदेश करायला याहून सोपी वेळ कुठली? पण त्यांच्याने ते होईना. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, आता दहा मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही.

हे उत्तर कोरडं वाटेल, पण त्यात त्या माणसाबद्दल आदर आहे. घाबरलेल्या माणसाच्या भीतीचा फायदा घेऊन त्याला देवाकडे ओढायचं नाही. त्याला त्या घटकेला जे हवं आहे, म्हणजे आणखी किती वेळ धीर धरायचा याचा अंदाज, ते द्यायचं.

मे १९४४ मध्ये मित्र एबरहार्ड बेथगे यांना लिहिताना ते सोबतच्या कैद्यांबद्दल बोलतात. विमानं आली की ही माणसं नुसती भीती होऊन जातात. काही चांगलं खायला आलं की नुसती हाव. आशा फसली की नुसती निराशा. एका वेळी एकच गोष्ट त्यांच्यात मावते, आणि त्यामुळे जीवनाची परिपूर्णता त्यांच्या हातून निसटते. श्रद्धा माणसाला एकाच वेळी अनेक अंगांनी जगायला लावते. आपण रडणाऱ्यांबरोबर रडतो आणि त्याच वेळी आनंद करणाऱ्यांबरोबर आनंदही करतो, आपल्या जिवाची धास्ती असते आणि तरी त्याहून मोठ्या गोष्टींचा विचार सुटत नाही.

परिपूर्ण जगण्याबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. भीती जात नाही, ती असते. पण ती सगळी खोली व्यापत नाही.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा कट फसला. आता आपला शेवट जवळ आला हे बॉनहॉफर यांना कळायला वेळ लागला नसेल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बेथगे यांना पत्र लिहिलं. तेरा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुण फ्रेंच पाळकाशी झालेलं बोलणं त्यांना आठवलं. तो म्हणाला होता, मला संत व्हायचं आहे. बॉनहॉफर म्हणाले होते, मला विश्वास ठेवायला शिकायचं आहे. आता तुरुंगात त्यांना उमगलं होतं की या जगात पूर्णपणे जगूनच माणूस विश्वास ठेवायला शिकतो. स्वतःला संत किंवा पापी किंवा आणखी काही बनवण्याचा खटाटोप सोडायचा. कर्तव्यं, प्रश्न, यश, अपयश, अनुभव, गोंधळ, सगळ्यांसकट स्वतःला देवाच्या हाती टाकायचं. सुखासीन, उथळ इहवाद त्यांना अभिप्रेत नव्हता, हेही त्यांनी त्याच पत्रात स्पष्ट केलं.

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं. आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी उपासना घेतली होती. ती संपताच पहारेकरी न्यायला आले. हा शेवट आहे, माझ्यासाठी जीवनाचा आरंभ, असं ते म्हणाल्याचं एका ब्रिटिश कैद्याने नंतर सांगितलं. या जगाला इतकं घट्ट धरणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शब्द विसंगत वाटत नाहीत. ज्या देवाबरोबर इथले दिवस काढले, त्याच्याच हाती त्यांनी पुढचाही दिवस सोपवला.

(पडद्यावर: रुग्णालयातली रिकामी खाट. मग मोठ्या काचेची खिडकी.)

१९४८. लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलिश ज्यू माणूस कर्करोगाने मरणाला टेकला आहे. जवळचं कोणी नाही. आपल्या जगण्याने काहीच झालं नाही, ही त्याची खंत. त्याला भेटायला येत सिसिली सॉन्डर्स. आधी परिचारिका, मग रुग्णांच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका, आणि अलीकडेच ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेल्या. मरणाऱ्या माणसांसाठी वेगळी जागा कशी असावी, यावर दोघं बोलत. टास्माने मरताना त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले आणि म्हटलं, तुमच्या घरात मी एक खिडकी होईन.

ते घर व्हायला १९ वर्षं लागली. मरणाऱ्यांच्या वेदनेवर काम करायचं तर डॉक्टर व्हायला हवं, म्हणून सॉन्डर्स पुन्हा शिकायला बसल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं घर, सुरू झालं. टास्माची खिडकी तिथे आहे.

त्या काळी बहुतेक ठिकाणी रुग्ण वेदनेने कळवळू लागल्यावरच औषध मिळे. सॉन्डर्स यांनी ते घड्याळाप्रमाणे, वेदना परतण्याआधी द्यायला सुरुवात केली. वरवर पाहता ही औषधाच्या वेळापत्रकातली दुरुस्ती. पण ज्याची पुढची कळ कधी येईल या धास्तीत प्रत्येक तास जातो, त्याच्यापाशी आजचा दिवस नसतोच. त्याला ‘चिंता करू नको’ असं नुसतं सांगणं क्रूरपणा आहे. आधी ती कळ थांबवायला हवी. मग तो मुलाशी बोलू शकतो, अबोला मिटवू शकतो, जेवणाची चव घेऊ शकतो, रागावू शकतो, हसू शकतो. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असं त्या सांगत, आणि शेवटच्या क्षणापर्यंत माणूस जगत राहील अशी मदत करणं हे आपलं काम मानत.

संस्था ख्रिस्ती श्रद्धेवर उभी होती, पण दार सगळ्यांना उघडं होतं. कल्पनेचं बीज एका ज्यू रुग्णाशी झालेल्या बोलण्यात होतं, हे सॉन्डर्स कधी विसरल्या नाहीत. मरणाच्या दारात असलेल्या माणसावर आपली श्रद्धा लादायची नाही, यावर त्या ठाम होत्या. आपण काळजी कशी घेतो, यातूनच माणसाच्या मनातल्या सगळ्यात खोल जागेपर्यंत पोहोचता येतं, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून तिथे काम करणाऱ्याने अंथरूण नीट घालावं, औषधाची वेळ चुकू देऊ नये, आणि रुग्ण बोलू लागला तर खाटेशी बसून त्याचं पूर्ण होईपर्यंत ऐकावं.