मुलूखमैदान: जबड्यातला हत्ती

आधी हा जबडा पाहा. आ वासलेला, सुळे बाहेर काढलेला. आता दातांच्या मधोमध बघा: एक हत्ती चिरडला जातोय. इवलासा, एका नजरेत निसटून जाईल एवढा.

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. ती तोफ ही, विजापूरच्या शर्झा बुरुजावरची. मूळ नाव मलिक-ए-मैदान, रणांगणाचा धनी.

दख्खनच्या किल्ल्यांच्या दारांवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, कोरलेले असतात, त्यांच्या पंजात हत्ती असतात. हत्ती म्हणजे राजाचं बळ, त्याचं ऐश्वर्य. दगडात कोरलेली ती धमकी इथं धातूत उतरली, आणि पंजाच्या जागी दात आले. गोळा सुटायचा तोही याच घशातून.

ही तोफ ओतली गेली अहमदनगरला, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. त्याचं नाव तोफेवरच आहे. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन पंचावन्न टनांच्या घरात. धातू घंटेचा: तांब्याचे चार भाग, तर कथलाचा एक. कथील वाढलं की रस पातळ होतो, साच्याच्या बारीक खाचाखोचांत शिरतो. सुळ्याची ही कड म्हणूनच इतकी स्वच्छ उतरली आहे. पण असा धातू ठिसूळही असतो. एवढ्या मोठ्या तोफेसाठी तो वापरणं हे धाडस होतं, आणि माझ्या मते रूमीचं खरं मोठेपण त्यातच आहे. नुसत्या हाताने थाप मारली तरी ती घंटेसारखी घुमते.

१५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्यानं विजयनगरची फळी फोडली. पुढं ते शहर लुटलं गेलं.

१६३२ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं ही तोफ परांड्याहून विजापूरला आणली. १६८६ मध्ये विजापूर पडलं, तेव्हा औरंगजेबानं आपल्या विजयाचा लेख हिच्याच अंगावर कोरवला. जुना लेख मात्र राहिला. दोन्ही लेख एकाच अंगावर आहेत, आणि ओतणाऱ्याचं नाव अजून वाचता येतं.

इंग्रजी अमलात, १८५४ साली, हिचा लिलाव झाला. बोली लागली दीडशे रुपयांची. नुसत्या धातूच्या भावानं! पुढं ती विक्री रद्द झाली, म्हणून हा हत्ती अजून या दातांत आहे.