‘गैरकायद्याची मंडळी’ आणि खुनाचं कलम

मित्रहो, जमावाच्या हातून माणूस मेला की फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य येतं. ‘आरोपींनी गैरकायद्याची मंडळी (म्हणजे बेकायदेशीर जमाव) जमवून, हातात काठ्या व लोखंडी रॉड घेऊन, संगनमताने फिर्यादीच्या भावास जिवे ठार मारले.’ खाली पंधरा-वीस नावं. आज मी या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे, कारण त्यातला एकेक शब्द कोर्टात सुटा करून सिद्ध करावा लागतो. पंधरा जणांचं कृत्य एक असलं, तरी पंधरा मनं वेगळी असतात. प्रत्येकाच्या मनात काय होतं, हे कोर्टाला एकेक करून ठरवावं लागतं.

आधी हे पाहतात, की हा मृत्यू खून आहे का. माणूस मारला गेला म्हणजे खून झालाच, असं कायदा म्हणत नाही. जुन्या दंड संहितेतलं कलम 300 आता भारतीय न्याय संहितेत 101 झालं आहे, आणि ‘खून नसलेला सदोष मनुष्यवध’ 105 मध्ये गेला आहे. 1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनांना मात्र जुनीच कलमं लागतात, त्यामुळे अजून बरीच वर्षं वकिलांच्या तोंडी 302 (खुनाची शिक्षा) आणि 304 (खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा) राहणार.

जमावाच्या मारहाणीत या पहिल्याच पायरीवर पेच पडतो. समजा, सहा जणांनी काठ्यांनी मारलं. शवविच्छेदनात अठरा जखमा निघाल्या, बहुतेक हातापायांवर. डोक्यावर, छातीवर एकही नाही. बचावाचा वकील म्हणतो, जीव घ्यायचा असता तर डोक्यात घातली असती. यांना फक्त हातपाय मोडायचे होते. मग डॉक्टर साक्षीला उभे राहतात आणि सगळा खटला एका प्रश्नावर येऊन थांबतो: ‘या सर्व जखमा एकत्रितपणे, निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशा होत्या का?’ विरसा सिंग खटल्यात 1958 साली न्यायमूर्ती विवियन बोस यांनी याची कसोटी घालून दिली. जी जखम झाली ती करायचाच हेतू होता आणि ती निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती, तर खून. जीव घ्यायचा नव्हता, ही सबब तिथे चालत नाही. तिथे सर्वोच्च न्यायालयापुढे एकाच आरोपीचा प्रश्न होता आणि भाल्याचा एकच घाव होता. अठरा घाव सहा हातांनी घातलेले असतात, तेव्हा कुठला हेतू कोणाच्या खात्यावर मांडायचा?

त्यासाठी कायद्यात दोन दोऱ्या आहेत. एक जुनं कलम 34, आताचं 3(5): समान उद्देश. दुसरं जुनं 149, आताचं 190: बेकायदेशीर जमावाचं समान उद्दिष्ट. उद्देश आणि उद्दिष्ट हे शब्द मराठीत जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि मी शिकवलेल्या प्रत्येक वर्गाने त्यांची गल्लत केली आहे. पण पहिल्यात मनं जुळलेली असावी लागतात आणि कृत्यात प्रत्येकाचा काही ना काही सहभाग लागतो. दुसऱ्यात किमान पाच माणसं लागतात. तिथे जमावाचा घटक असणं आणि जमावाच्या उद्दिष्टापायी असं काही घडण्याचा संभव आहे हे माहीत असणं पुरतं.

कलम 34 समजायचं असेल तर सिंधू नदीच्या काठावर जावं लागतं. काही माणसं होडीने जाऊन बोरू कापून आणत होती. त्यांना अडवलं गेलं, बाचाबाची झाली, अडवणाऱ्याच्या अंगावर बांबू बसला आणि त्याने हाक मारली. हाकेला दोघं धावून आले, दोघांच्याही हातात बंदूक. एकाने एका माणसावर गोळी झाडली, तो मेला. दुसऱ्याने, म्हणजे महबूब शाहने, दुसऱ्यावर झाडली, तो वाचला. पहिला फरार झाला आणि त्याच्या गोळीबद्दल महबूब शाहला फाशीची शिक्षा झाली. 1945 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, ती रद्द केली. दोघांचा हेतू सारखा होता, पण दोघांचा मिळून एक नव्हता, असं त्यांचं म्हणणं. दोघंही आपल्या माणसाला सोडवायला धावले. मारायचं असं त्यांच्यात ठरलं होतं याला पुरावा नव्हता.

याउलट 1923 साली कलकत्त्याच्या शांखारीटोला पोस्टात पैसे लुटायला गेलेल्यांनी पोस्टमास्तरला गोळ्या घातल्या. बरेंद्र कुमार घोष म्हणाला, मी आत नव्हतोच, अंगणात उभा होतो. प्रिव्ही कौन्सिलने ऐकलं नाही. ठरवून आलेल्या टोळीत बाहेर उभं राहणं हेही काम वाटून घेणंच असतं.

ही जुळणी आधीच झालेली हवी असंही नाही, ती जागेवर क्षणार्धातही होते. पण व्हायला हवी, आणि दिसायला हवी. ‘धर त्याला’ कोण ओरडलं, वाट कोणी अडवली, मारून सगळे एकाच दिशेने पळाले का, अशा बारक्या गोष्टींवरून ती दिसते.

149 चं जाळं फार मोठं आहे, आणि इथे मला मनापासून काळजी वाटते. भावकीच्या वैरात एका घरातले चुलते, पुतणे, जावई सगळे फिर्यादीत येतात. काही खरोखर असतात, काही आरडाओरडा ऐकून आलेले, काही त्या दिवशी गावातही नसतात. 1964 साली मसालती खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी दोन्ही टोकं धरली. प्रत्येकाने प्रत्यक्ष काठी चालवलीच पाहिजे, असं नाही. पण मारणारे पुष्कळ आणि मेलेलेही पुष्कळ असतील, तर एका साक्षीदारावर न विसंबता दोन-तीन किंवा अधिक साक्षीदार त्याच माणसाचं नाव सुसंगतपणे घेतात का, हे पाहावं. नुसत्या कुतूहलाने थांबलेला माणूस जमावाचा घटक होत नाही. माझ्या मते सामूहिक खुनाच्या खटल्यात न्यायाची खरी परीक्षा याच गाळणीपाशी होते. गाळणी सैल ठेवली तर निरपराध माणूस जन्मठेपेत जातो. अति घट्ट केली तर मारणारे सगळेच संशयाचा फायदा घेऊन बाहेर पडतात आणि मेलेल्याची आई कोर्टाच्या पायरीवर बसून राहते.

दोन गटांत अचानक जुंपली असेल, दोन्हीकडची डोकी फुटली असतील, तर बहुधा ज्याची त्याची कृतीच मोजली जाते. मात्र दहा हत्यारबंद आणि एक निःशस्त्र असेल, तर ‘अचानक भांडण’ हा खुनाच्या व्याख्येतला अपवाद टिकत नाही, कारण तिथे गैरफायदा घेतलेलाच असतो.

आता नव्या कायद्यात 103(2) आलं आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेला खून. शिक्षा साध्या खुनासारखीच, फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. पण एरवी हेतू किंवा ज्ञान सिद्ध झालं की पुरत होतं, खुनामागचं कारण सिद्ध करणं बंधनकारक नव्हतं. या कलमात ते गुन्ह्याचाच भाग झालं आहे. सरकारी वकिलाला माणूस का मारला हेही दाखवावं लागेल.

आणि पुरावा काय असतो? आजकाल मोबाइलमधली क्लिप. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ती कोर्टात येते, पडद्यावर चालवली जाते, सगळे पाहतात. बऱ्याचदा ती पहिला फटका बसल्यानंतरच सुरू झालेली असते, कारण तोवर कोणी फोन काढलेला नसतो. निळ्या शर्टातला माणूस कडेला उभा दिसतो, हात रिकामे. तो मारून थकला आहे, सोडवायला पुढे होतो आहे, की नुकताच आला आहे? न्यायाधीश क्लिप पुन्हा सुरुवातीला न्यायला सांगतात आणि तो चौकटीत पहिल्यांदा कुठून शिरतो, ते शोधतात.