पेशीची पकड

मंडळी, कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाठ उभी राहते. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार मात्र पुष्कळदा गाठ करतच नाही. फिनलंडचे लॉरेन यांनी 1965 मध्ये त्याला ‘डिफ्यूज’ म्हटलं, म्हणजे विखुरलेला. या पेशी विखुरतात का, ते आज पाहू.

जठराच्या निरोगी अस्तराचा पातळ काप घ्या आणि शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन रंगवून दाखवणारा स्टेन करा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीभोवती तपकिरी रेघ उमटते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आता डिफ्यूज कर्करोगाची स्लाइड लावा. ती रेघ बऱ्याचदा तुटक किंवा पार पुसलेली असते, आणि तंतूंच्या मधून एकएकटी पेशी शिरलेली दिसते. आतल्या श्लेष्म्याच्या थेंबानं तिचं केंद्रक कडेला रेटलेलं असतं. मुद्रेच्या अंगठीसारखं हे रूप एकदा पाहिलं की विसरत नाही.

ई-कॅडहेरिनला नुसता डिंक समजू नका. त्याचे पाच भाग पेशीबाहेर असतात आणि मधलं कॅल्शियम त्यांना ताठ ठेवतं. प्रयोगशाळेत कॅल्शियम काढून घेतलं की ही पकड ढिली पडते आणि पेशी सुट्या होऊ लागतात. आतल्या बाजूला बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन या प्रथिनांमार्फत ते पेशीच्या ॲक्टिन सांगाड्याला बांधलेलं असतं. त्यामुळे हात सुटला की पेशीचा आकारही ढळतो.

हात सुटतो कसा? कधी ई-कॅडहेरिन घडवणारं सीडीएच१ हे जनुकच बिघडतं. कधी जनुक धड असतं, पण मेथिलेशनमुळे, म्हणजे त्यावर रासायनिक खुणा चिकटल्यामुळे, त्याला कुलूप लागतं. कधी स्नेल किंवा झेब१ यांसारखी प्रथिनं त्याला गप्प करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तर एचटीआरए नावाच्या विकरानं ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भागच कापतो.

पण नुसतं सोडून भागत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेजारीण सोडलेली पेशी पुढे सरकायची तर तिला दुसरं काही धरावं लागतं. इंटेग्रिन हे रेणू कोलॅजनसारख्या तंतूंना पकडतात, आणि विकरं वाटेतलं जाळं कातरत जातात. पुढे पोटाच्या आवरणावर रुजतानाही असेच रेणू कामी येतात. आक्रमण म्हणजे पकडीची अदलाबदल.

याचा सगळ्यात जळजळीत पुरावा न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबानं दिला. तीस वर्षांत त्यांची पंचवीसहून जास्त माणसं जठराच्या कर्करोगानं गेली होती. त्यांनी स्वतः संशोधकांना गाठलं, आणि 1998 मध्ये त्यांच्यात सीडीएच१ मधला आनुवंशिक दोष सापडला. असा दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींशी संबंधित) कर्करोगाचाही धोका असतो. एंडोस्कोपीत हा दोष असलेल्यांचं जठर बहुधा स्वच्छच दिसतं, म्हणून अनेकांना धडधाकट असतानाच संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. केवढा मोठा निर्णय आहे हा! काढलेल्या त्या जठराचे बारीक काप करून तपासले, तर बहुतेकांत वरच्या अखंड अस्तराखाली त्या अंगठीसारख्या पेशींचे छोटे छोटे पुंजके सापडतात.