बोलकी काच

या फुलदाणीच्या बुडाशी नीट पाहा. काळपट काचेतून माणसं वर सरकतायत. भेसूर, अर्धवट अंधारात. भांड्यावरच कोरलंय, ‘काळ्या झग्यातल्या माणसांनो, तुम्ही येता कुठून?’ उत्तरही तिथेच आहे: ‘आम्ही जमिनीखालून येतो.’

साल १९००. फ्रान्समधलं नान्सी शहर. भांडं घडवणारे एमिल गाले, आकृत्या त्यांचे चित्रकार मित्र व्हिक्तर प्रुवे यांच्या. ओळ बेरांजे या कवीच्या जुन्या गाण्यातली, पाद्र्यांवर रचलेली. गालेंनी ती खोटं पसरवणाऱ्या सगळ्यांकडे वळवली.

अशा भांड्यांना ते ‘बोलकी काच’ म्हणत. पण बोलण्याआधी काचेला बरंच सोसावं लागतं. लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतला रस येतो, मधासारखा घट्ट. हात थांबला की ओघळलाच. म्हणून नळी फिरवत राहायची आणि फिरवता फिरवता फुंकर घालायची. एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवायचा, मग काच हळूहळू निववायची. घाई केली की तडा. त्यानंतर कोरणारा ती फिरत्या चाकाला लावतो. वरचा थर खरवडला जातो, आतला रंग उघडा पडतो, आणि अक्षर दिसू लागतं. इथे चुकलेलं खोडता येत नाही.

गालेंच्या एका चषकावर अंजिराची फळं आहेत, आणि व्हिक्तर ह्युगोची ओळ: सगळी माणसं एकाच बापाची लेकरं, एकाच डोळ्यातून आलेला एकच अश्रू. नळीवरून सुटणारा काचेचा थेंब एकदा पाहिला, की ही ओळ काचेवरच का लिहिली ते कळतं.

तेव्हा फ्रान्स एका खटल्यावरून दुभंगला होता. आल्फ्रेड द्रेफ्युस या फ्रेंच सैन्यातल्या ज्यू कॅप्टनला १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झाली होती. नान्सी सीमेजवळचं. १८७१ च्या पराभवात माइझेनथाल गाव जर्मनीकडे गेलेलं. गालेंची काच तेव्हा तिथेच घडायची. अशा शहरात सैन्याविरुद्ध ब्र काढणं सोपं नव्हतं. गाले उघडपणे द्रेफ्युसच्या बाजूने उभे राहिले. जवळची माणसं दुरावली. तरी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ही फुलदाणी सगळ्यांसमोर मांडली.

१९०४ साली गाले गेले. द्रेफ्युस निर्दोष ठरले १९०६ मध्ये.